फ्लॅट नवा, सोसायटी जुनी: कोल्हापुरात नूतनीकरण केलेला वन बीएचके घेताना

जाहिरात साधारण अशी असते: ‘वन बीएचके, दुसरा मजला, फुल रिनोव्हेटेड, मॉड्युलर किचन, पीओपी, लगेच ताबा.’ फोटोत फरशी चकाकत असते आणि हॉल खऱ्यापेक्षा दीडपट मोठा दिसत असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून एजंट मंडळींना ‘आता भाव थांबत नाहीत साहेब’ हे वाक्यही आयतं मिळालंय. घाई करायला लावणारं कुणीतरी शेजारी उभं असताना ऐंशी टक्के लोक बघतात ते टाइल्स आणि ट्रॉल्या.

नवा झालाय तो फक्त फ्लॅट. स्लॅब, कॉलम, ड्रेनेजची लाइन, गच्ची, पाण्याची टाकी, सोसायटीचं दप्तर आणि सभासदांची भांडणं सगळी जुनीच आहेत, आणि सहकारी सोसायटीत तुम्ही त्या सगळ्यात भागीदार होता. म्हणून बघण्याचा क्रम उलटा ठेवा. आधी जागा, मग संस्था, मग कागद आणि सगळ्यात शेवटी टाइल्स.

१. पुराचं पाणी कुठवर येतं

कोल्हापुरात हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारायचा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांच्या पुढे गेली. नदीकाठच्या दुधाळी, सुतारमळा, रमणमळा, जामदार क्लब या भागांचं सोडाच, जयंती नाल्याला फुगवटा आला की शाहूपुरीतली कुंभार गल्ली आणि व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी येतं. म्हणजे ‘नदी लांब आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका.

जलसंपदा विभागाने पूररेषा आखलेल्या आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. इमारत कुठल्या रेषेत बसते हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. पण नकाशाइतकाच भरवशाचा माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार.

‘मामा, एकोणीसला पाणी कुठवर आलतं?’

‘त्या डांबाच्या निम्म्यापतोर. ह्या अपार्टमेंटीच्या पार्किंगात गाड्या तरंगत हुत्या की.’

एवढं ऐकलं की पुढचं बघायचं. मीटर रूम, मोटर आणि लिफ्टचं पॅनेल पार्किंगच्या जमिनीलगत आहे का नंतर वर उचललंय? भिंतीला ताजा रंग असेल तर शेजारच्या कंपाउंडवरची पाण्याची रेष बघा, ती सहसा कुणी रंगवत नाही. दुसऱ्या मजल्यावर तुमचं घर कोरडं राहील, पण लाइट नाही, लिफ्ट बंद आणि रस्ता पाण्याखाली असे आठ दिवस घरात म्हातारं माणूस असेल तर फार होतात.

पाण्याचाही उलटा विनोद आहे. पूर आला की शहराला नदीचं पाणी देणारे बालिंगा, शिंगणापूरचे पंप बंद पडतात आणि शहर टँकरवर येतं. २०२३ मध्ये काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन आली, तरी तुमच्या सोसायटीला कुठल्या वेळेला, किती दाबाने पाणी येतं, खालची टाकी किती लिटरची आहे आणि बोअर चालू आहे का, हे विचारायचंच. पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी बाजूला बघत असाल तर पाणी आणि घरफाळा ग्रामपंचायतीकडे. हद्दवाढीची चर्चा वर्षानुवर्षं चालूच आहे, तिच्या भरवशावर भाव मोजू नका.

२. ही खरंच सोसायटी आहे का?

बोलीत आपण सगळ्यालाच ‘अपार्टमेंट’ म्हणतो. कायद्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही कोल्हापुरात सापडतात.

पहिली, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था. तिला उपनिबंधकांचं नोंदणी प्रमाणपत्र असतं, प्रत्येक सभासदाला शेअर सर्टिफिकेट असतं.

दुसरी, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट १९७० खालचं अपार्टमेंट. इथे शेअर सर्टिफिकेट नसतं. बिल्डरने किंवा जागामालकाने नोंदवलेलं घोषणापत्र असतं, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन, आणि प्रत्येक फ्लॅटधारकाच्या नावाने डीड ऑफ अपार्टमेंट होतं. त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो.

तिसरी, काहीच नाही. बिल्डर ताबा देऊन गेला, रहिवाशांनी एक कमिटी केली, महिन्याला पैसे गोळा होतात, जिना झाडला जातो, विषय संपला. अशा इमारतीत फ्लॅट घेऊ नये असं नाही, पण बँक कुरकुरते आणि उद्या मोठी दुरुस्ती निघाली की वर्गणी द्यायला कुणी बांधील नसतं. भावात तो धोका उतरला पाहिजे.

म्हणून विकणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा, ‘शेअर सर्टिफिकेट आहे की डीड ऑफ अपार्टमेंट?’ या प्रश्नाला अडखळला तर कागद घरी नाहीत असं समजून चाला. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे सोसायटीबद्दल.

३. सोसायटीचं दप्तर

तुम्ही अजून सभासद नसता, त्यामुळे दप्तर थेट मागता येत नाही. विकणारा सभासद असतो, त्याला अर्ज करायला लावा. ‘कशाला एवढं’ म्हणाला तर हसून पुन्हा सांगा. मागायचं ते हे:

- मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि वार्षिक सभेची इतिवृत्तं
- स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल
- सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी दरवर्षी बाजूला टाकायचा पैसा) आणि दुरुस्ती निधीत आज किती शिल्लक आहे
- जमीन सोसायटीच्या नावावर झाली का, म्हणजे अभिहस्तांतरण
- या फ्लॅटची थकबाकी नसल्याचा दाखला

यातली इतिवृत्तं सगळ्यात वाचनीय. ‘गच्ची गळतीबाबत चर्चा झाली, निर्णय पुढील सभेत’ हे वाक्य सलग तीन वर्षं दिसलं की समजायचं ते समजा. लिफ्ट बदलायचा ठराव झालाय, वर्गणी प्रत्येकी चाळीस हजार ठरलीय आणि वसुली पुढच्या महिन्यापासून आहे, हेही तिथेच कळतं. ही वर्गणी तुमच्या डोक्यावर येणार का विकणाऱ्याच्या, हे व्यवहारातच लिहून घ्यायचं.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. कित्येक ठिकाणी ते एकदाही झालेलं नसतं. तसं असेल तर स्वतःच्या खर्चाने एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर तासभर नेऊन पार्किंगमधले कॉलम आणि गच्ची दाखवा. त्याची फी या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च असतो. सिंकिंग फंड दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का जमायला हवा. पंचवीस वर्षांच्या इमारतीत फंडात लाखभर रुपयेच असतील तर मोठी दुरुस्ती सभासदांच्या खिशातूनच होणार.

अभिहस्तांतरण झालंय का हे बघायला नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. कोल्हापूरचा सिटी सर्व्हे ए ते ई अशा वॉर्डांनी चालतो, त्यामुळे सि. स. नंबरसोबत वॉर्ड लागतो. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क ई वॉर्डात, शिवाजी पेठ ए वॉर्डात. पत्रिकेवर अजून बिल्डरचं किंवा मूळ जागामालकाचं नाव असेल तर सोसायटी इमारत वापरते, पण जमीन तिच्या नावावर नाही. आज काही बिघडत नाही. पुनर्विकासाचा विषय निघाला की मूळ मालकाचे वारस उगवतात. जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाची सही नसतानाही जमीन सोसायटीच्या नावावर करून मिळण्याचा, अर्ज करता येतो. तो केलाय का, कुठवर आलाय, विचारा.

पार्किंगबद्दल एकच सांगतो. ‘पार्किंग विकत घेतलंय’ असं विकणारा म्हणत असेल तर सोसायटीचं वाटपपत्र बघा. मोकळं किंवा स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांच्या मधलं) पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलंय.

४. विकणाऱ्याची मालकी

इथे वकील लागतोच. तो तीस वर्षांचा सर्च काढेल, पण तुम्ही स्वतःही नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, बघू शकता. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक हस्तांतराचा नोंदणीकृत दस्त मूळ स्वरूपात हवा. मधला एक गहाळ असेल तर पोलिसांतली तक्रार, जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल, असं तिन्ही मागा.

मालक वारलेले असतील तर जपून. सोसायटीत वारसदार म्हणून ज्याचं नामनिर्देशन आहे त्याच्या नावावर शेअर झाले, म्हणून तो एकटा मालक होत नाही. बहिणी लग्न होऊन इचलकरंजीला, सांगलीला गेल्या असतील, तरी त्यांचा हक्क जात नाही. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्या सह्या हव्यात. ‘ताई काय म्हणणार नाही’ हे बोलणं कागदावर येईपर्यंत पैसे हलवू नका.

कर्ज असेल तर बँकेचं थकीत रकमेचं पत्र आणि मूळ कागदांची यादी घ्या. मग स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या; साधारण चौदा दिवसांत हरकती मागवतात. हा खर्च वाचवू नका.

महापालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्रही (इमारत राहायला वापरता येते असा महापालिकेचा दाखला) याच वेळी मागा. नकाशा सोबत घेऊनच फ्लॅटमध्ये परत जायचंय.

५. टाइल्सच्या मागे

आता फ्लॅट. दिवसा जा, सोबत एक गवंडी किंवा प्लंबर न्या, आणि जमलं तर पावसाळ्यात जा. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी बघा. नवीन रंगाखालची ओल जुलैमध्ये लपत नाही. उन्हाळ्यात ती पुट्टीखाली शांत झोपलेली असते.

नकाशा उघडा आणि भिंती मोजा. वन बीएचकेत जागा वाढवायला लोक काय काय करतात! बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा केलेला असतो, किचन ड्राय बाल्कनीत सरकवलेलं असतं, बेडरूमची भिंत फोडून कपाट कोनाड्यात बसवलेलं असतं. भिंत नुसती विटांची होती का तिच्यात बीम-कॉलम होता, हे इंजिनिअरला विचारा. आणि बाथरूम मूळ जागेवर आहे ना, हे तर नक्कीच. ते सरकवलं असेल तर खालच्यांच्या किचनवर आलेलं असतं. सोसायटीची लेखी परवानगी होती का? नसेल तर ते भांडण तुम्ही विकत घेताय.

खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा. संकोच करू नका. ‘वहिनी, वरचा फ्लॅट बघायला आलोय, तुमच्याकडे काही गळतंय का?’ एवढं विचारलं की बहुतेक घरांत ‘या की, बसा’ होतं आणि पुढच्या पाच मिनिटांत तुम्हाला बाथरूमच्या छताचा पिवळा डाग दाखवला जातो. फुगलेलं प्लॅस्टर, गंजून बाहेर आलेली सळई किंवा खाली ठेवलेली बादली, यातलं काही दिसलं की वरच्या चकचकीत बाथरूमचं वॉटरप्रूफिंग बहुधा झालेलंच नाही. जुन्या फरशीवर नवी चिकटवली असेल.

ते बाथरूममध्येही कळतं. नाणं घ्या आणि कोपऱ्याकोपऱ्यातल्या टाइलवर हलके टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक, डबा वाजल्यासारखा आला तर खाली मसाला नीट भरलेला नाही. दरवाज्यापाशी बघा, बाथरूमची फरशी बेडरूमपेक्षा थोडी खाली असायला हवी. ती समान किंवा वर असेल तर टाइलवर टाइल आहे. नहाणीची जाळी उचलून ट्रॅप नवा आहे का तेही बघा. विकणारा तयार असेल तर ट्रॅप बंद करून इंचभर पाणी चोवीस तास साठवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या वहिनींना विचारा.

पीओपीचं छत हा सगळ्यात मोठा पडदा. एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा मुख्य स्विच) बंद करा आणि एखादा स्पॉटलाइट हळूच खाली ओढा; तो दोन स्प्रिंगांवर बसलेला असतो. त्या भोकातून फोन आत घालून फ्लॅश लावून चारही बाजूंचे फोटो काढा. मूळ स्लॅबचा खालचा भाग फोटोत येतो. सुटलेले पापुद्रे, काळपट ओलीचे चट्टे, तांबडी सळई जे काही असेल ते दिसतं. सगळ्यात वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर हे चुकवू नका. गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी थांबवणं हे उपविधींप्रमाणे सोसायटीचं काम, पण सोसायटी ते कधी करते हे इतिवृत्तांत वाचलंच असेल.

वायरिंग नवं केलंय म्हणतात तेव्हा बहुतेकदा स्विच बोर्ड नवे असतात, आतली वायर जुनीच. एक बोर्ड उघडून बघायला लावा. गिझर आणि एसीला स्वतंत्र एमसीबी हवी, अर्थिंग चालू हवं, आणि आरसीसीबीचं (शॉक बसू नये म्हणून वीज तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबल्यावर लाइट गेली पाहिजे. पाइपांचंही तेच. आतली लाइन सीपीव्हीसीची (प्लॅस्टिकची) केलीय का, की गंजक्या जीआय (लोखंडी) पाइपलाच नवा नळ लावलाय? सगळे नळ एकदम सोडा आणि धार बघा.

आणि मालकाला एक मागणी करा: काम चालू असतानाचे फोटो दाखवा. ज्याने मनापासून काम करून घेतलंय त्याच्या फोनमध्ये उखडलेलं बाथरूम, उघडे पाइप, वॉटरप्रूफिंगचे थर असे वीस-पंचवीस फोटो असतातच. विकण्यापुरती रंगरंगोटी केलेल्याकडे फक्त ‘नंतर’चे फोटो सापडतात.

६. भाव

चौरस फूट कुठले, हे आधी ठरवा. समजा ३२ लाख मागितलेत आणि जाहिरातीत ६५० चौरस फूट आहेत. दर झाला साधारण ४,९२०. टेप लावून आतलं कार्पेट मोजलं आणि ते ४३० भरलं, तर खरा दर ७,४४० च्या आसपास. शेजारच्या इमारतीशी तुलना करायची ती कार्पेटचीच.

‘रिनोव्हेशनला सहा लाख घातलेत’ याला फार महत्त्व देऊ नका. पाइप, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, खिडक्या यांचे पैसे द्यावेत, कारण ते तुमचेच वाचतात. पीओपी, वॉलपेपर आणि टीव्ही युनिट मालकाच्या हौसेचं. तुमच्या हौसेला ते कदाचित उद्या काढायचंय.

वरचे खर्चही धरा. महापालिका हद्दीत सध्या मुद्रांक शुल्क अधिभारासह ६ टक्के, म्हणजे ३२ लाखांवर १,९२,०००. खरेदीदार फक्त महिला असेल तर निवासी मिळकतीला एक टक्का सवलत, म्हणजे १,६०,०००. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३०,०००. शुल्क लागतं ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत यातल्या जास्त रकमेवर. जुन्या इमारतीला रेकनरमध्ये वयाप्रमाणे घसारा मिळतो, तो धरला का ते वकिलाकडून बघून घ्या. बँक हे खर्च कर्जात धरत नाही आणि जुन्या इमारतीला मुदतही कमी देऊ शकते. म्हणून विसार देण्याआधी बँकेशी बोला.

७. विसारापासून खरेदीखतापर्यंत

विसार शक्य तितका कमी आणि बँकेमार्फत. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यादेण्यावर आयकर कायद्याचं बंधन आहे, त्यामुळे ‘थोडं रोख करूया’ला सरळ नाही म्हणा. विसार पावतीवर कर्ज नामंजूर झालं किंवा कागदात दोष निघाला तर पैसे किती दिवसांत परत, हे लिहा. ट्रॉल्या, गिझर, पंखे, एसी यातलं काय राहणार त्याचीही यादी करा. यावरून होणारी भांडणं हास्यास्पद असतात, पण होतात. व्यवहार ५० लाख किंवा त्यापुढचा असेल तर एक टक्का टीडीएस कापायचा. विकणारा अनिवासी असेल तर रक्कम कितीही असो, टीडीएसचा हिशोब वेगळा, तिथे सीए गाठा.

सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायला लागतो. प्रत्यक्षात बँकेचा धनादेश, दोन साक्षीदार, आधार, पॅन हे सगळं एकाच दिवशी जुळवून दुय्यम निबंधक कार्यालयात उरकतात. ताबा आणि चाव्या त्याच दिवशी घ्या, आणि मूळ शेअर सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.

८. नाव लागेपर्यंत

हस्तांतराच्या इराद्याची नोटीस विकणाऱ्याने सोसायटीला पंधरा दिवस आधी द्यायची असते. खरेदीनंतर तुम्ही सभासदत्वाचा अर्ज करता. प्रवेश फी १०० रुपये, हस्तांतर फी ५०० आणि प्रीमियम सर्वसाधारण सभेने ठरवलेला, पण महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,०००. त्यापुढे ‘बिल्डिंग फंडाला काहीतरी द्या’ म्हणाले तर ठराव आणि पावती मागा; बहुतेकदा विषय तिथेच मिटतो. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय द्यावाच लागतो, आणि नकार आला तर उपनिबंधकांकडे दाद मागता येते. अर्जाची पोच मात्र शिक्क्यानिशी घ्या.

शेअर सर्टिफिकेटच्या मागे तुमचं नाव चढलं की घरफाळा आणि पाणीपट्टी महापालिकेत, आणि वीज महावितरणकडे नावावर करून घ्या. मीटरचा मंजूर भार बघा. जुन्या मीटरवर एसी चालवायचा असेल तर तो वाढवावा लागतो. सोसायटीत नामनिर्देशनाचा अर्ज त्याच आठवड्यात भरा, आणि कुलपाचं लॅच बदला, कारण रिनोव्हेशनच्या काळात चाव्यांचा एखादा जोड सुताराकडे राहिलेला असतो.